खात्या चौथा की सहावा

लोणखेडा,
४ नोव्हेंबर २०२४

जगदीश,

फोन तू उचलत नाहीस. तुझा भाग्येश म्हणतो, "आबा, बाबांनी तुमचा नंबरच बंद करून ठेवलाय." म्हणून कागद घेतला. पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं की नुसतं पत्रच आहे का आत. म्हटलं, हो, नुसतं पत्र. सुरतेला चार दिवसांत पोचेल म्हणाल्या.

आपलं भावाभावांचं भांडण उकरून काढायला लिहीत नाही. बेसबॉलबद्दल लिहितोय. या विषयावर माझ्याशी नीट वाद घालू शकेल असा माणूस सबंध शहादा तालुक्यात तू सोडून दुसरा नाही, आणि तू तिकडे सुरतेत उधन्याला जाऊन बसलास.

गोष्ट अशी. खात्या पावरा नावाचा एक खेळाडू आहे. गाव धडगावच्या पुढे, घाट चढून जीपने तास-दीड तास, मग पायी. तीन वर्षं शेजारच्या जिल्ह्याच्या संघाकडून खेळला. गेल्या साली ऊसतोडीच्या टोळीबरोबर बारडोलीकडे गेला, त्यांचा सराव चुकला, त्यांनी नाव काढून टाकलं. आज तो कोणत्याच संघाचा नाही. मोकळा झाल्याचं पत्र मी स्वतः वाचलं, सही-शिक्का-तारीख तपासली. डिसेंबरात परभणीला राज्य स्पर्धा आहे. आपण त्याला घ्यावं असं मी आपल्या क्रीडा मंडळापुढे मांडलं.

बन्सीलाल गुरुजी अजून अध्यक्ष आहेत. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी शिट्टी गळ्यातच असते. माझ्या वाइंडिंगच्या दुकानात, जळक्या मोटारींच्या मध्ये बसून त्यांनी मला ऐकवलं, "तू बाहेरना माणूस लई येस, मंग आपला पोरे काय टाळ्या वाजाडतीन?"

मी म्हटलं, "बाहेरना कसा? धडगाव आपलाच जिल्हामा शे."

"जिल्हामा शे, पन डोंगरमा शे."

यावर सगळे हसले. मी हसलो नाही, हे लिहून ठेवतो. सहा वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास की डोंगरातली पोरं घेऊ या, लहानपणापासून गोफण फिरवून त्यांचे खांदे तयार झालेले असतात. मी म्हणालो होतो, मंडळ आपण उभं केलंय, आपल्या पोरांसाठी केलंय. तू बॅट ठेवून निघून गेलास. तेव्हा तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. आता परिस्थिती बदलली आहे, असं म्हणतो.

खात्यासाठी यात काय आहे तेही सांगतो. राज्यात पहिल्या तिनांत आलं, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून वनरक्षकाच्या भरतीला उभं राहता येतं. धावणं, उंची, लेखी, सगळ्यात तो बसतो. फक्त ते प्रमाणपत्र नाही. पुढच्या वर्षी त्याचं वय उलटतं. म्हणजे ही शेवटची स्पर्धा. त्याने मला हे एकदाच सांगितलं, विनवणी न करता, जसा आपण पंपाचा नंबर सांगतो तसं.

मतदान झालं. सात विरुद्ध चार. खात्या आपला झाला.

उमाकांत


लोणखेडा,
२१ नोव्हेंबर २०२४

जगदीश,

तुझं उत्तर नाही. ठीक.

खात्या दुकानामागच्या खोलीत राहतो. सकाळी सहाला मैदानावर, मी पोचायच्या आधी. काल मी मोजलं. चाळीस चेंडूंपैकी एकतीस त्याने बॅटच्या नेमक्या भागावर घेतले, अकरा थेट कॉलेजच्या कुंपणापलीकडे. वहीत तारखेसकट आहे. टोळी सोडून आलाय. मुकादमाने त्याच्या आईला, कालीबाईला, घरी जाऊन बरंच ऐकवलं म्हणतात. खात्याला विचारलं तर म्हणतो, "सर, मेडल आलं की सगळं गप्प होईल."

आता वाद फलंदाजीच्या क्रमाचा. तुला सांगायला नको, चौथा नंबर म्हणजे संघाचा कणा. पहिले तिघे कसेबसे बेसवर पोचतात, त्यांना फिरवून घरी आणून रन काढायचं काम चौथ्याचं. दोन वर्षं आपल्याकडे चौथा भाग्येश आहे. तो तुझा मुलगा म्हणून नाही. एकेचाळीस वेळा बॅटिंगला गेला, एकोणीस वेळा बेसवर पोचला, म्हणून. खात्याला मी सहावा ठेवलाय. नव्या माणसाने आधी सहाव्यावर येऊन दाखवावं. दुकानात नवा कारागीर आला तर त्याला मी पहिल्याच दिवशी पाच हॉर्सपॉवरची मोटार देत नाही.

मजा म्हणजे भाग्येशच माझ्याविरुद्ध. जेवताना ताटातली चटणी-मिरची घेऊन मैदान मांडलं त्याने. म्हणतो, "आबा, चौथा तोच हवा. मी मारतो ते जाऊन पडतं, तो मारतो ते जातं." एवढं समजतंय पोराला आणि स्वतःची जागा सोडायला निघालाय. मला राग आला की बरं वाटलं, ते अजून ठरलेलं नाही. मी त्याला वहीतले आकडे दाखवले. तो म्हणाला, आकडे सहा महिन्यांपूर्वीचे आहेत. मी म्हणालो, आकडे शिळे होत नाहीत. अर्धा तास चाललं. शेवटी तुझ्या वहिनीने, सिंधूने, परातीवरून मान वर न करता विचारलं, "तुमचा चौथा आणि सहावा दोघं जेवनार का? मी भाकरी टाकी ऱ्हायनू."

तुझं मत कळव. मानेनच असं नाही.

उमाकांत


लोणखेडा,
९ डिसेंबर २०२४

जगदीश,

काल दुपारी परभणीहून आलो. अक्षर असं का आहे ते विचारू नकोस. माझं अक्षर असं कधी नव्हतं. तुला माहीत आहे.

तुझं पोस्टकार्ड आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. चारच शब्द. खात्या चौथा, भाग्येश सहावा. सहा वर्षांनी भावाला चार शब्द, आणि त्यात स्वतःच्या मुलाला खाली उतरवलंस. मी ते कार्ड सिंधूला दाखवलं.

आपण हरलो. कसे हरलो ते लिहायला बसलोय आणि दोनदा उठून पाणी प्यायलो.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. जिंकणाऱ्याला मेडल, हरणाऱ्याला काही नाही. सात इनिंगचा. शेवटच्या इनिंगला आपली बॅटिंग, ते पाच, आपण तीन. दोन आउट. दोन माणसं बेसवर. आणि खात्या बॅटिंगला. तिसरा चेंडू त्याने मारला तो डाव्या बाजूच्या कडुनिंबांवरून गेला. मी वीस वर्षं हा खेळ बघतोय, जगदीश. इतका लांब गेलेला चेंडू मी पाहिला नव्हता. दोघे घरी आले, मागून खात्या आला. सहा-पाच. आपली पोरं मैदानात धावली. बन्सीलाल गुरुजींनी शिट्टी फुंकली, या वयात उड्या मारल्या.

समोरचे नऊच्या नऊ आपापल्या जागेवर उभे होते. एकही हलला नाही. त्यांचा कोच कागद हातात घेऊन सावकाश अंपायरकडे चालत गेला.

नियम तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण तो मला स्वतःला पुन्हा ऐकायचाय. सामन्याआधी कोच जे लाइनअप कार्ड देतो, त्यातल्या क्रमानेच फलंदाज यायला हवेत. क्रम सोडून कोणी आला आणि समोरच्यांनी पुढचा चेंडू पडायच्या आत, किंवा सामना संपत असेल तर मैदान सोडायच्या आत, दाद मागितली, तर ज्याची खरी पाळी होती तो आउट, आणि चुकीच्या माणसाने मिळवलेलं सगळं रद्द. अंपायरने स्वतःहून सांगायचं नसतं. स्कोअररनेही नाही. सगळ्यांना दिसत असलं तरी गप्प बसायचं, असा नियमच आहे.

कार्डावर चौथा भाग्येश होता, खात्या सहावा. मी शेवटी माझ्याच मतावर राहिलो होतो. खात्या आपली पाळी सोडून आधी गेला. अंपायरने भाग्येशला आउट दिलं. तिसरा आउट. सामना संपला. पाच-तीन.

जल्लोष करणारी पोरं मैदानाच्या मधोमध तशीच उभी राहिली. काही जणांचे हात वरच होते, खाली घ्यायचं सुचलं नाही.

मी खात्याला दोन शब्द बोललो. बोलणं भागच होतं. गुरुजींनी त्याच्याविरुद्ध बेशिस्तीचा अहवाल लिहून तिथल्या तिथे राज्य संघटनेकडे दिला.

आणखी लिहवत नाही.

उमाकांत


लोणखेडा,
११ डिसेंबर २०२४

जगदीश,

परवाचं पत्र फाडून टाक. पोचलं नसेल तर न वाचता फाड. त्यातला एक परिच्छेद खोटा आहे.

भाग्येश काल बॅग घेऊन गेला. तुझ्याकडे नाही, खात्याकडे गेला, धडगावला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आबा, मी बॅट घेऊन उठलो होतो. 'बस, खात्या जाईल,' असं तुम्हीच म्हणालात. पहिल्या इनिंगलाच म्हणालात. मी तुमच्या शेजारी होतो." एवढंच. आवाजही चढवला नाही. सिंधू स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या पिशवीत डबा ठेवला.

आता झालं तसं सांगतो.

आदल्या संध्याकाळी मी माझ्या मताप्रमाणे कार्ड लिहिलं. भाग्येश चौथा, खात्या सहावा. कार्बन लावून चार प्रती. सामन्याच्या सकाळी तुझं कार्ड पुन्हा काढून वाचलं. मग खात्या एकटाच बॅट फिरवताना दिसला. मी क्रम बदलला. तुझं ऐकलं, हे तेव्हा कबूल केलं नाही, आत्ता करतो.

दुसरा कोणीही कोच असता तर त्याने दोन नावांवर रेघ मारून वर नंबर लिहिले असते. माझ्याच्याने खाडाखोड होत नाही. आजवर माझ्या हातून खाडाखोड केलेलं कार्ड गेलेलं नाही, याची मला घमेंड आहे. मी चारही प्रती नव्या लिहिल्या, स्वच्छ, एका शाईत. म्हणजे दोन संच झाले, दोन्ही तितकेच सुबक. जुना संच फाडायला हवा होता. माझंच अक्षर, इतकं नीट आलेलं, म्हणून फाडवलं नाही. फाइलीत ठेवला. मैदानावर फाइल उघडली, वरचा संच काढून अंपायरला आणि समोरच्या कोचला दिला. बघितलं नाही. क्रम मला पाठ होता, बघायचं कशाला.

जुना संच दिला मी.

तारेचा एक वेढा कमी पडला तर मोटार जळते, असं मी पोरांना पंचवीस वर्षं सांगत आलोय.

पण हे चुकून झालं, जगदीश. त्यानंतर जे केलं ते चुकून नाही. अंपायरने कार्ड माझ्यापुढे धरलं. माझं अक्षर. एका क्षणात सगळं कळलं, दोन संच, फाइल, सगळं. भोवती आपली पोरं, समोरचे खेळाडू, निवड समितीचे लोक, चारेकशे प्रेक्षक. अंपायरने विचारलं, कोच, तुमच्या कार्डावर हा सहावा आहे ना? आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, सहावाच. त्यालाच कळलं नाही. नंबर समजत नाहीत यांना."

यांना, म्हणालो मी.

हे वाक्य मी आधी कधी मनात आणलं नव्हतं, असं मला आतापर्यंत वाटत होतं. दोन दिवस बसून विचार करतोय की ते तयार कसं होतं. घडी घालून ठेवल्यासारखं निघालं. मी दचकलो. माझाच आवाज ऐकून मी दचकलो, आणि तरी परत घेतलं नाही.

खात्या होम प्लेटजवळ उभा होता. छातीवर मातीचा पट्टा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बॅट उचलून बाकड्याला टेकवून ठेवली. काहीच बोलला नाही. परतीच्या गाडीतही नाही. शहाद्याला उतरून धडगावची जीप धरली.

उमाकांत


लोणखेडा,
१५ डिसेंबर २०२४

जगदीश,

आणखी एक गोष्ट राहिली आहे. मागचं पत्र लिहिताना वाटलं होतं, आता झालं, सगळं ओकून टाकलं. खरं म्हणजे एक दाबून ठेवली होती. ती आज लिहिली नाही तर पुढे कधीच लिहिणार नाही.

आधी बातमी. स्पर्धा बघायला आलेल्या निवड समितीने राज्याच्या संघासाठी सराव शिबिराची यादी काढली. तीस नावं. राष्ट्रीय स्पर्धेला गेला तरी भरतीसाठी चालतं, मेडल नसलं तरी. यादीत तिसावं नाव खात्याचं. पुढे कंसात, बेशिस्तीच्या अहवालाबाबत खुलासा येईपर्यंत स्थगित. मुदत वीस तारखेपर्यंत.

गुरुजी ते पत्र घेऊन दुकानात आले. मी त्यांना सगळं सांगितलं, दोन संचांसकट. त्यांना धक्का बसला, असं म्हणता येईल. पण माझ्याइतका नाही. मग म्हणाले, "उमाकांत, जे झायं ते झायं. तू खरं सांगशी तं तुन्हं नाव जाई, मंडळनं नाव जाई. आनि तो काय, ऊस तोडाले जाईच ना."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. चहा मागवला.

आता ती गोष्ट.

तिसऱ्या इनिंगनंतर, आपण बाहेर आलो तेव्हा, खात्या माझ्याजवळ आला होता. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी जवळ येऊन बोलला. तोपर्यंत तो एकदा बॅटिंग करून आउट झाला होता, म्हणून समोरच्यांनी दाद मागितली नव्हती. त्यांना घाई नव्हती. तो म्हणाला, "सर, त्यांचा कोच आपला प्रत्येक बॅटर आला की कार्डावर बोट ठेवतो. मी गेलो तेव्हा त्याने शेजारच्याला दाखवलं आणि दोघं हसले. भाग्येश गेला तेव्हाही. तुम्ही एकदा कार्ड बघा."

फाइल माझ्या मांडीवर होती. उघडायला दोन सेकंद. उघडली असती तर नवा संच तिथेच दिसला असता, सगळं कळलं असतं, पुढच्या पाळीपासून भाग्येशला चौथा आणि खात्याला सहावा पाठवलं असतं, आणि नियमाने कुणालाही काही करता आलं नसतं.

मी म्हणालो, "कार्ड मी लिहिलंय. तू बॅट बघ."

तो "हो सर" म्हणून गेला.

म्हणजे त्या मैदानावर आपल्यात नंबर समजणारा माणूस एकच होता, आणि मी चारशे लोकांपुढे त्यालाच म्हणालो की यांना नंबर समजत नाहीत. आणि त्यालाही ते ठाऊक होतं. म्हणून तो बोलला नाही. त्याने मला एकदा सांगून बघितलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तू दुकानात उभा राहून मला म्हणाला होतास की दादा, तू ऐकत नाहीस, तू फक्त तपासतोस. मी तेव्हा तुला बाहेर काढलं. यावेळी तर मी तपासलंही नाही.

उद्या सकाळच्या गाडीने संघटनेच्या कार्यालयात जातो. पोस्टाने पाठवणार नाही. दोन्ही संच घेऊन जातो, स्वतः पुढे ठेवतो.

उमाकांत


लोणखेडा,
२४ डिसेंबर २०२४

जगदीश,

गेलो. तीन माणसं होती, एक सचिव आणि निवड समितीचे दोघे. मी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली आणि जसं तुला लिहिलं तसं सांगितलं. तिसऱ्या इनिंगचंही. "यांना" या शब्दासकट. सचिव बाई माझ्या वयाच्या, स्वतः खेळलेल्या. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघितली आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं." मला वाटलं, जमीन फाटावी.

अहवाल रद्द झाला. खात्याचं नाव यादीत कायम. आणि मला तीन वर्षं कोणत्याही अधिकृत सामन्यात बाकड्यावर बसता येणार नाही. कोच म्हणूनही नाही, स्कोअरर म्हणूनही नाही. त्यांनी तिथेच लिहून सही घेतली. मी मजकूर दोनदा वाचला आणि तारीख चुकली होती ती दाखवली. सवय जात नाही.

गुरुजी माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी मैदानावर पोरांना मी स्वतःच सांगितलं, सगळ्यांसमोर, सगळं. एक जण बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला तो वर येईचना. मग मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी धडगावला गेलो. जीपमध्ये मागच्या बाजूला, घाटात दोनदा थांबून. पुढे भाग्येश न्यायला आला होता. तो माझ्याशी नीट वागला, तुझा मुलगा आहे. खात्या घरी नव्हता. परभणीहून आल्यावर तिसऱ्या दिवशीच टोळीबरोबर बारडोलीला गेला होता. शिबिराचं त्याला ठाऊकच नव्हतं. भाग्येशला कळलं होतं, पण नाव कटलं तर खात्याला दुसरा धक्का नको म्हणून त्यानेही सांगितलं नव्हतं.

कालीबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मराठी त्यांना थोडीच येते, भाग्येश मधे मधे सांगत होता. आता त्याला त्यांची भाषा बऱ्यापैकी येते, तुला माहीत होतं का? मी माझी चूक सांगितली. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाल्या की मैदानात काय झालं ते पोराने घरी सांगितलं नाही, तो म्हणाला हरलो, बस. ते त्यांना आज माझ्याकडून कळत होतं. म्हणजे मी त्यांना ती गोष्ट सांगायला डोंगर चढून गेलो होतो जी त्यांच्या मुलाने त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. हे मला घाटात एकदाही सुचलं नव्हतं.

शेवटी त्यांनी भाग्येशला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "आबा, त्या म्हणतात फोन तुम्हीच लावा."

टेकडीवर चढून रेंज मिळाली. तिकडे उसाच्या फडात वारा होता, माणसांचा गलका होता. मी म्हणालो, उमाकांत बोलतोय. तो म्हणाला, "हो सर." मी शिबिराचं सांगितलं, तारीख, ठिकाण, काय कागद न्यायचे ते. मग बाकीचंही सांगितलं. माफ कर, असं म्हणालो. हा शब्द मी याआधी कोणाला म्हणालोय ते आठवून बघितलं, आठवलं नाही. तो ऐकत होता. वारा येत होता म्हणून मला कळत होतं की फोन चालू आहे.

मग म्हणाला, "शिबिराला जातो सर. दोन तारखेला शहाद्याहून गाडी आहे ना? जातो. पण तुम्ही स्टँडवर सोडायला येऊ नका."

मी बरं म्हणालो.

उमाकांत


लोणखेडा,
२ जानेवारी २०२५

जगदीश,

आज तो गेला. सकाळी साडेनऊची गाडी. वीस वर्षांत मंडळाचा एकही खेळाडू बाहेर खेळायला निघाला आणि मी स्टँडवर नव्हतो, असं झालेलं नाही. भाग्येश घरी परत आलाय; सिंधूने दशम्या करून त्याच्याबरोबर दिल्या. मी दुकान उघडून बसलो. एका शेतकऱ्याची मोटार उघडली होती, तिचे वेढे मोजत होतो. साडेनऊला मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा मोजलेच नाहीत, मोटार बाजूला ठेवली.

भाग्येश दहाला आला. म्हणाला, गेला. खिडकीजवळची जागा मिळाली. मी विचारलं, काही म्हणाला का? तो म्हणाला, काकूंना सांग दशम्या चांगल्या आहेत, गाडी सुटायच्या आतच दोन खाल्ल्या.

माझ्याबद्दल विचारलं का, असं मी विचारणार होतो. नाही विचारलं.

एप्रिलमध्ये जिल्ह्याचे सामने आहेत. मला मैदानाच्या दोरीबाहेर बसावं लागेल. कार्ड कोण लिहिणार, असं पोरं विचारतात. मी त्यांना तुझं नाव सांगितलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय आता कुणाचं नाव कुठेही लिहिणार नाही.

म्हणून विचारतो. येशील का?

दादा